थोरल्या वन्सं आणि कलम सात

माझ्याच सहीची नोटीस मी मलाच पाठवली. तीही रीतसर, टपाल कचेरीत रांगेत उभं राहून, सर्टिफाइड मेलचे जादा पैसे भरून. खिडकीतल्या बाईंनी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, घेणाऱ्याचा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"दोन्ही पत्ते एकच आहेत."

"हो, पण त्यातला एक सेक्रेटरी आहे आणि एक आरोपी."

तीन दिवसांनी पोस्टमन दारात आला. सही करून पाकीट मीच घेतलं. आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती.

"कुणाचं पत्र रं?"

"माझंच."

"मग फोडतोस कशाला? काय लिवलंय ते तुला ठावं असंल की."

ठावं होतं. कलम सातचा भंग. परसात चार कोंबड्या.

हे सगळं अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिनचं. इथे घर घेतलं की घराबरोबर एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, येते. आपल्याकडची सोसायटी निदान पाणी सोडते, लिफ्ट बंद पडली की शिव्या खायला समोर येते. इथे घर आपलं, जमीन आपली, छप्पर गळलं तर तेही आपलंच. फक्त छपराचा रंग एचओएचा. घर घेताना सह्या केलेल्या कागदांच्या ढिगात नियमांचं एक बाड असतं. ते कुणी वाचत नाही आणि नंतर जन्मभर त्यातलाच एकेक परिच्छेद पत्रानं घरी येत राहतो. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसता कामा नये. कुंपणाला तीनच रंग चालतात आणि तिन्ही सारखेच दिसतात.

आमची एचओए छोटी, 120 घरांची. कारभार बघायला कंपनी नेमण्याइतके पैसे नाहीत, त्यामुळे मंडळ तीन रहिवाशांचं. वार्षिक सभेला आठ जण आले होते. "सेक्रेटरी कोण होणार?" असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा सात जण जमिनीकडे बघत होते आणि मी एकटा छताकडे. झालो.

आता खरं सांगायला हरकत नाही, ते काम मला आवडायला लागलं होतं. शाळेत मॉनिटर व्हायची इच्छा राहून गेलेली माणसं पुढे असल्या पदांवर भेटतात. मी संध्याकाळी फिरायला निघालो की कुणाचं गवत किती वाढलंय ते डोळ्यांनीच मोजत असे. कोपऱ्यावरच्या घराला बास्केटबॉलच्या खांबाबद्दल पत्र मीच पाठवलं होतं. त्या घरातला पोरगा नंतर दोन महिने माझ्याकडे बघून चेंडू जरा जास्तच जोरात आपटायचा.

आणि मग 2025 साल उजाडलं. बर्ड फ्लूनं अमेरिकेतल्या कोट्यवधी कोंबड्या गेल्या, दुकानांत 'एका गिऱ्हाईकाला दोनच खोकी' अशा पाट्या लागल्या. मार्चमध्ये अंड्यांच्या डझनाचा सरासरी भाव 6 डॉलर 23 सेंटवर गेला. आमच्या घरात अंडाभुर्जी हा रविवारचा धर्म आहे. तो मोडायची वेळ आली तेव्हा मला आठवलं, की मी तासगावकडचा आहे, माझं बालपण खुराड्याशेजारी गेलंय, आणि परसात निम्मी जागा नुसती गवत कापण्यासाठी ठेवलेली आहे.

कलम सात मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी सेक्रेटरी होतो. पण माणूस स्वतःचं गवत मोजत नाही.

शिवाय महापालिका माझ्या बाजूनं होती. ऑस्टिनला 2040पर्यंत कचरा जवळजवळ शून्यावर आणायचा आहे आणि कोंबडी स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खाते. त्यामुळे इथे कोंबड्या पाळण्याचा क्लास केला, की खुराड्याच्या खर्चातले 75 डॉलर महापालिका परत देते. म्हणजे एकाच पत्त्यावर एक सरकार बक्षीस देतं आणि दुसरं नोटीस. शहरानं परवानगी दिली असली तरी एचओएचा नियम त्याहून कडक असू शकतो आणि तोच पाळावा लागतो, हे मी दुसऱ्या एका घराला पूर्वी पत्रात समजावून सांगितलेलं होतं. मुद्देसूद पत्र होतं.

पिल्लं टपालानं येतात. थट्टा नाही, अमेरिकेत 1918पासून एक दिवसाची पिल्लं डाकेनं जातात. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर तीन दिवस दाणापाण्याशिवाय निभावतं. पहाटे सहाला टपाल कचेरीतून फोन आला, "तुमचं पार्सल चिवचिवतंय, लवकर घेऊन जा." सहा पिल्लं होती. दोन मी बास्ट्रॉपकडे चार एकर जमीन असलेल्या सहकाऱ्याला दिली. उरलेल्या चारांना आमच्या पाहुण्यांच्या बाथटबमध्ये ठेवलं, वर दिवा लावला. पहिल्या आठवड्यात 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. मी रात्री दोनला उठून थर्मामीटर बघायचो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती बराच वेळ गप्प होती.

"ह्यांची आई कुठंय?"

"नाही. दिवा आहे."

"अरारा," ती म्हणाली आणि पुढच्याच महिन्यात व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आली. नातवंडांसाठी आली असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

आईनं खुराडं बघितलं. जाळी साधी नव्हती, रॅकूनचा पंजा शिरू नये अशी बारीक, जाड तारेची होती. दार रात्री आपोआप बंद होणारं. आत खोक्यांना पडदे. "माझ्या लग्नात खोलीला पडदा नव्हता," एवढंच ती बोलली. ऑस्टिनचा उन्हाळा काय असतो ते आम्ही 2023 साली बघितलेलं. सलग 45 दिवस पारा शंभर फॅरनहाइटच्या वर होता. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. म्हणून मी दुपारी त्यांना फ्रीजरमध्ये गोठवलेल्या कलिंगडाच्या फोडी द्यायचो. आई दारात उभी राहून बघायची. बाळंतपणात तिला कुणी काय काय दिलं नव्हतं त्याची यादी त्या उन्हाळ्यात मला तोंडपाठ झाली.

पहिलं अंडं जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. खुराडं, जाळी, दिवा, खाद्य, कलिंगडं असा हिशेब केला तर ते अंडं 1,140 डॉलरला पडलं. महापालिकेचे 75 वजा जाता 1,065. तोवर दुकानातला डझनाचा भाव पावणेचार डॉलरच्याही खाली उतरला होता. बायकोनं हे मला एकदाच सांगितलं, पण फार हळू आवाजात सांगितलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तुमच्या ओठांवर आलं असेल. पण ही म्हण कोंबड्यावाल्यांची आहे, आमच्याकडे कोंबडा नव्हताच. कोंबडी पहाटेला आरवत नाही. ती अंडं घातल्यावर ओरडते, म्हणजे सकाळी साडेनऊ-दहाला, माझ्या ऑफिसच्या मीटिंगच्या ऐन भरात. एकीनं सुरू केलं की बाकीच्या तिघी, अंडं घातलेलं नसलं तरी, साथ देतात. सहकाऱ्यांना मी स्मोक अलार्म बिघडलाय म्हणून सांगितलं. तीन महिने माझा अलार्म बिघडलेला होता.

शेजाऱ्यांची तोंडं मी अंड्यांनी बंद केली. डावीकडे सहा, उजवीकडे सहा, मागच्या घरात सहा. खजिनदारबाई आमच्याच रस्त्यावर राहतात, त्यांना बारा. त्या तपकिरी अंडी हातात धरून म्हणाल्या, "कुठून आणली हे मी विचारणार नाही." मी म्हटलं, "गावाकडून." खोटं नव्हतं.

घात केला तो आईनं. दाणे टाकताना कोंबड्यांना बोलवायचं असतं आणि बोलवायचं ते तासगावच्या वस्तीवर, ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. "तीऽऽ तीऽऽ तीऽऽ!" सकाळी सात वाजता. एचओएच्या मेलवर तक्रार आली: आमच्या रस्त्यावर रोज सकाळी एक स्त्री 'टी' हे इंग्रजी अक्षर मोठ्यानं म्हणते, ती ठीक आहे ना याची कुणी चौकशी करावी. मेल सेक्रेटरीला येते. "नोंद घेतली आहे," असं मी उत्तर दिलं.

इथे ग्रॅकल नावाचे काळे पक्षी आहेत. संध्याकाळी सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या झाडांवर शेकड्यांनी जमतात आणि गंजलेली बिजागरी एकदम उघडावी तसे किंचाळतात. त्यांच्याविरुद्ध आजवर एक तक्रार नाही. त्यांनी कुठल्या बाडावर सही केलेली नाही.

दुसरी तक्रार थेट अध्यक्षांकडे गेली, फोटोसकट. फोटोत आई होती, नऊवारीचा काष्टा खोचलेली, काखेत तांबडी कोंबडी. फोटो चांगला आला होता, आईनं नंतर मागून घेतला. अध्यक्षांनी मला फोन केला. ते फौजेतून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. म्हणाले, "सेक्रेटरी, एका घराला नोटीस पाठवायची आहे." मी पत्ता विचारला. त्यांनी सांगितला. मी लिहून घेतला.

टेक्सासच्या मालमत्ता कायद्यात, प्रकरण 209, यावर व्यवस्थित लिहिलेलं आहे. दंड करण्याआधी लेखी नोटीस, चूक सुधारायला वाजवी मुदत, आणि घरमालकानं मागितली तर मंडळापुढे सुनावणी. मी आरोपी म्हणून सुनावणी मागितली आणि सेक्रेटरी म्हणून तारीख दिली. नियमच बदलून घ्यावा असंही मनात आलं. त्याला 67 टक्के मतं लागतात, म्हणजे 81 घरं. घरटी सहा अंडी म्हटली तर 486. चार कोंबड्या, ऑगस्टचा उन्हाळा, दिवसाला दोन-तीन अंडी. सहा महिने. लाच द्यायलासुद्धा उत्पादन लागतं.

सुनावणी क्लब हाऊसमध्ये झाली. टेबलाच्या एका बाजूला तीन खुर्च्या. मी सवयीनं तिसऱ्या खुर्चीत बसलो. अध्यक्षांनी नुसतं बघितलं. मग मी उठून, टेबलाला वळसा घालून, समोर आईशेजारी जाऊन बसलो. त्या वळशात बास्केटबॉलच्या खांबाचं घर मला पहिल्यांदा नीट समजलं. त्या घराचे मालक मागच्या रांगेत येऊन बसले होते. चिप्सचं पाकीट घेऊन.

अध्यक्षांनी कलम वाचलं. कुत्री, मांजरं आणि इतर घरगुती पाळीव प्राणी वगळता कोणतीही गुरंढोरं किंवा कोंबड्या-बदकं पाळण्यास मनाई. खजिनदारबाई म्हणाल्या, "पण या पाळीव असतील तर?" (बारा अंडी वाया गेली नव्हती.) अध्यक्षांनी विचार केला. फौजी माणूस, कसोटीही फौजी. "पाळीव प्राण्याला नाव असतं. नाव नसेल तर ती पोल्ट्री. यांची नावं काय?"

मी आईकडे बघितलं. आमच्याकडे कोंबडीला नाव ठेवत नाहीत. जिला पुढेमागे रश्श्यात घालायचं तिला हाक कशाला मारायची? मी मराठीत म्हटलं, "आई, हे नावं विचारतायत. काहीतरी सांग."

आई एक क्षणही थांबली नाही.

"ती तांबडी, ऱ्होड आयलंड का काय म्हणतोस ती, त्या सासूबाई. दाण्यावर पयल्यांदा त्याच. कबरी हाय ती थोरल्या वन्सं. सासूबाईंना सोडून सगळ्यांना टोचतात. ती जाडी, पिवळी, पिसारलेली, त्या धाकल्या वन्सं. काम न्हाई, नुस्तं बसून ऱ्हायचं."

नॉर्वेच्या एका शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी कोंबड्या कोण कुणाला टोचते याच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांच्यातली उतरंड जगापुढे मांडली. त्याला सासुरवास नव्हता, म्हणून इतकी वर्षं मोजत बसावं लागलं.

"आणि चौथी?" अध्यक्षांनी विचारलं. चौथी पांढरी लेगहॉर्न. अंगानं किडकिडीत, मानेवरची पिसं बाकीच्या तिघींनी उपटलेली, सगळ्यांत शेवटी दाणे खाणारी. आणि आठवड्याला सगळ्यांत जास्त अंडी तिचीच.

"ती व्हय," आई म्हणाली, "ती मी."

हे भाषांतर करायला मला थोडा वेळ लागला. शेवटी मी आईचं नाव तेवढं सांगितलं. मी आरोपी असल्यामुळे इतिवृत्त खजिनदारबाई लिहीत होत्या. त्यांनी चारही नावं लिहून घेतली, स्पेलिंग विचारून. 'वन्सं'वरच्या अनुस्वाराशी त्या बऱ्याच झटल्या.

मतदान एकास एक झालं. तिसरं मत माझं, ते देता येईना. विषय पुढच्या तिमाही सभेवर, म्हणजे नोव्हेंबरवर गेला. तोवर दंड स्थगित, आणि सकाळी आठच्या आत 'टी' म्हणायचं नाही अशी अट. तसं कळवणारं पत्र सेक्रेटरीनं पाठवायचं ठरलं. टपाल कचेरीतल्या बाई मला आता नावानं ओळखतात.

सप्टेंबरच्या शेवटी आई परत गेली. दोन आठवड्यांत पिवळी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली. खोक्यातून हलेना, अंगावर येई, बाकीच्यांनाही अंडी घालू देईना. मी घाबरून आईला व्हिडिओ कॉल लावला. दसऱ्यानंतरचे दिवस, घरात पाहुणे असावेत. मागे कुणीतरी चहा पीत बसलेलं दिसत होतं.

"आई, धाकल्या वन्सं खुडूक बसल्यात. उठतच नाहीत."

"मग त्यात काय भ्यायचं?" आई आपल्या ओढ्यापलीकडच्या आवाजात म्हणाली. "धाकल्या वन्संना धर, गार पाण्याच्या बादलीत चांगलं बुचकळून काढ आणि त्यांच्या नाकात एक पीस खुपस. आपसूक उठतील."

मागचा चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग फोनच्या चौकटीत, आईच्या खांद्यावरून, धाकट्या आत्याचा चेहरा हळूहळू वर आला.