महाबळेश्वरलाच जा, प्लीज

काय बे, लाँग वीकेंड तोंडावर आला आणि तुमचं अजून ठरलं नाही? मग ऐका. आपल्या महाराष्ट्राला शेकडो किलोमीटर किनारा आहे, सह्याद्री आहे, लेण्या आहेत, विदर्भात वाघ आहेत, बुलढाण्यात उल्का पडून झालेलं लोणारचं तळं आहे, आणि एवढं सगळं असल्यामुळंच माणूस कन्फ्यूज होतो. म्हणून आधी हे सगळं डोक्यातून काढून टाका. ट्रिपची ठिकाणं चार-पाचच असतात, ती सगळ्यांना माहितीयत, सगळे तिथंच जाणार आहेत आणि म्हणूनच तुम्ही पण तिथंच जायचं. वेगळीकडं जाऊन आलेल्या माणसाला सोमवारी ऑफिसात कोण विचारतंय?

तारीख ठरवताना पहिलं नळाला पाणी कधी येतंय ते बघा. पुण्या-मुंबईवाल्यांना हे कळणार नाही, पण आपल्याकडं पाणी रोज येत नाही आणि पाण्याच्या दिवशी घराला कुलूप लावून जायची परवानगी सोलापुरात कुणाची आई देत नाही. टाकी, पिंप, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरून झाला की मग निघायचं, म्हणजे साधारण अकरा वाजता, म्हणजे ऊन पण मिळतंय आणि ट्रॅफिक पण.

आता महाबळेश्वर. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ ला गेला की टेम्पो ट्रॅव्हलर बुक करायची, सीट असतील त्याच्यापेक्षा तीन माणसं जास्त घ्यायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा वर ठेवायचा (हा डबा परत येईपर्यंत संपत नाही, तो मुळात संपायसाठी नसतोच) आणि पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत सातारा गाठायचा. पुढं केळघर घाटात मागच्या सीटवरच्या भाच्याला उलटी झाली की समजायचं, हवा बदलली. वर पोचल्यावर पॉइंट करायचे. 'बघायचे' नाही हां, 'करायचे'. आर्थर सीट, केट्स, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन, सगळी साहेबांची नावं, प्रत्येक ठिकाणी रेलिंग, दरी, मक्याचं कणीस आणि मॅगी, आणि टॅक्सीवाला म्हणतोय साहेब अजून सहा राहिलेत. दरी तीच आहे का असं विचारायचं नाही, त्याला वाईट वाटतंय. स्ट्रॉबेरीचा सीझन थंडीत असतो, मे येईपर्यंत शेतातली आवरत आलेली असते, पण तुम्ही स्ट्रॉबेरी विथ क्रीम खायचंच, त्यात क्रीम तर ताजं असतंय ना.

तिथंच जवळ जुनं महाबळेश्वर आहे. पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम मानतात, गोमुखातून पाणी पडत असतंय, आणि ह्यातल्याच कृष्णेच्या पाण्यावर खाली अर्ध्या पश्चिम महाराष्ट्राचा ऊस उभा आहे. तिथं पाच मिनिटं. वेण्णा लेकला बोटिंगच्या लाईनीत दीड तास. हे प्रमाण बिघडू द्यायचं नाही. आणि मे चुकलाच तर ऑगस्टमध्ये जा, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथं, आर्थर सीटला उभं राहिलं की पुढं पण पांढरं मागं पण पांढरं, फोटोत कुणीच ओळखू येत नाही, त्यामुळं घरातली भांडणं मिटतात.

लेण्यांचं प्लॅनिंग जरा डोकं लावून करावं लागतंय. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. त्यामुळं आपला फॉर्म्युला सोपा आहे, रविवारी रात्री जेवून निघायचं, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. दोन्हीकडं गेटचा फोटो मस्त येतो, गर्दी नसते, पार्किंग मोकळं. मुंबईचा कार्यक्रम असेल तर घारापुरीला पण सोमवारीच जा, ती पण बंद असतीय. ताडोबाला मंगळवार धरा, कोअरला सुट्टी असतीय, वाघाला पण आराम आणि तुम्हाला पण.

चुकून उघड्या दिवशी पोचलातच तर अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी आहे. आत अंधार असतो, दीड हजार वर्षांचे रंग आहेत, फ्लॅश मारू नका असं सांगून सांगून तिथली माणसं थकलीयत. तुम्ही मारा आणि 'ऑटोवर होता ओ' म्हणा. भिंतीवर नाव लिहायची हौस असेल तर मनाला लावून घेऊ नका, १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दहा नंबरच्या लेण्यात आपलं नाव कोरलंय, म्हणजे 'पप्पू लव्ह पिंकी'ला आंतरराष्ट्रीय परंपरा आहे. वेरूळला चौतीस लेणी आहेत, त्यातलं सोळा नंबरचं कैलास बघितलं की झालं. राष्ट्रकूटांच्या काळात एक अख्खा डोंगर वरून खाली खोदत आणून त्यातनं मंदिर काढलंय, म्हणजे आधी कळस, मग खांब, मग हत्ती, आणि एक छिन्नी चुकली तर जोडायला दुसरा दगड नाही. इथं उभं राहून 'कसं केलं असेल ओ' एवढंच म्हणायचं. उत्तर ऐकायला थांबायचं नाही, गाईड पैसे मागतो.

कोकणात जूनमध्ये जा. पाऊस लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद, मुरूड-जंजिऱ्याच्या बोटी बंद, तारकर्लीचं स्कुबा बंद, त्यामुळं खर्चच होत नाही. किनाऱ्यावरनं बोट दाखवून पोरांना सांगायचं की तो बघ किल्ला, महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतला, आणि पोरगं विचारतंय आपण तिथं का नाही जात, तर म्हणायचं पुढच्या वर्षी. अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतंय, तर भरतीचं टाइमटेबल अजिबात बघायचं नाही, आत गेल्यावर कळतंयच. गणपतीपुळ्याला समुद्र खोल आणि ओढणारा आहे, पाट्या लावल्यात, जीवरक्षक शिट्ट्या मारत असतात. आपल्याला वाटायला पाहिजे की ह्यो आपलं स्वागतच करालाय. तळ्याकाठच्या गावातनं आलेल्या माणसाला समुद्राची कसली भीती? सिद्धेश्वर तलावात तरी आपण कुठं उतरतो म्हणा, पण आत्मविश्वास लागतो.

जेवणात पण कडक राहायचं. समोर सुरमई, तिसऱ्या, सोलकढी असं काहीबाही येईल, तरी 'शेंगापोळी हाय का ओ?' हे एकदा विचारायचंच. नाही म्हटला की गाडीतला डबा काढायचा. परतीला हापूस घ्या, पेटीवर 'देवगड' छापलंय एवढं बघा, आतल्या आंब्याचं काय बघायचं, छापलंय म्हणजे असणारच.

कासबद्दल जास्त बोलत नाही. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात ते पठार पण आहे, दिवसाला किती माणसं सोडायची ह्याची मर्यादा आहे, त्यामुळं बुकिंग न करता जायचं आणि गेटवर 'आम्ही सोलापूरहून आलोय' हे दोनदा सांगायचं. टोपली कारवी सात वर्षांतनं एकदा फुलते, आपण दर वर्षी जाऊन 'ती निळी कुठाय?' विचारायचं. आणि फुलं बोटाएवढी असतात, तुमच्या पिवळ्या ड्रेसपुढं ती दिसणार नाहीत, हा दोष फुलांचा.

किल्ल्यांचं २०२५ च्या जुलैत झालंच की, बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, अकरा आपले आणि एक तामिळनाडूतलं जिंजी. स्टेटस तुम्ही पण ठेवलं असणार. मग प्रत्यक्ष जायची काय गरज राहिली? आपला सोलापूरचा भुईकोट त्यात नाही, तो गावातच असल्यामुळं आपण त्याला किल्ला धरतच नाही, शाळेत असताना बागेत डबा खाल्ला तेवढं नातं पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. जवळचं काहीही बघू नका.

हैदराबाद रोडला पन्नास किलोमीटरच्या आत नळदुर्ग आहे, तिकडं बिलकुल जाऊ नका. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातलाय, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात वरनं नर-मादी धबधबे कोसळतात. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी डोकं लावलं की धरण बांधतोयच तर आत बसून पाणी बघायची पण सोय करू, आणि ते अजून उभं आहे, इकडं आपल्या गल्लीतला रस्ता एका पावसात जातोय. पण तिथं साहेबाच्या नावाचा पॉइंट नाही, त्यामुळं राहू दे.

हत्तरसंग कुडलला तर मुळीच नको. भीमा आणि सीनेचा संगम, बारव-बिरव काही नाही, जुनं देऊळ, कितीतरी चेहरे कोरलेलं शिवलिंग, आणि शके ९४० म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख, मराठीतल्या सगळ्यात जुन्यांपैकी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या फॅमिली ग्रुपवर एवढे फॉरवर्ड आले की फोन हँग झाला. त्या ग्रुपमधलं एक माणूस त्या दगडापाशी जाऊन आलेलं असेल तर मला दाखवा. आपल्याच तालुक्यात आहे ओ. स्ट्रॉबेरी नाही म्हणून कुणी जात नाही.

नान्नजला बार्शी रोडनं गेलं की माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, १९७९ चं. माळढोक आता दिसेल ह्याची खात्री कुणी देत नाही, तो जवळपास संपलाच, पण काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा. तिथं माळ आहे नुसता, गवत आणि आभाळ. माळाला आपण ओसाड म्हणतो, प्लॉट पाडायला चांगला म्हणतो, त्यामुळं तिकडं फिरायला म्हणून कोण जाईल? भिगवणचं पण तसंच. पुण्याला जाता-येता उजनीच्या बॅकवॉटरला थंडीत हजारोंनी रोहित पक्षी उतरलेले असतात, आणि आपण भिगवणला थांबतोच, चिलापी खायला. खाऊन झालं, बडीशेप तोंडात टाकली, की गाडीत बसायचं आणि इन्स्टावर कच्छमधले फ्लेमिंगो बघत घरी यायचं.

हे असंच चालू राहू द्या, कळकळीची विनंती आहे. तुम्ही तिकडं वेण्णा लेकच्या लाईनीत उभे राहता म्हणून आम्हा दोन-चार रिकामटेकड्यांना पाणी महालात कोपर टेकून बसता येतंय आणि बाजूला कुणी रील करत नसतंय.

बाहेरचा पाहुणा आला तरी हेच धोरण ठेवा. २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत येतीय, लोक उतरतात, रिक्षा करून स्टँडवर जातात आणि अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर असं देवदर्शन करून परत त्याच स्टेशनवर. चांगलं चाललंय. कुणी विचारलंच की सोलापुरात बघण्यासारखं काय आहे ओ, तर चेहरा पाडून म्हणायचं काही नाही ओ, नुसतं ऊन. चादर घ्या, शेंगाचटणी घ्या, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा. आणि एक दिवस जास्त राहतो म्हणाला तर स्वतः स्टेशनवर सोडून या, कारण असा एक थांबला की पुढच्या वर्षी चार येतात, आणि मग कुडलच्या संगमावर पहिला मॅगीवाला येऊन विचारतोय, साहेब, चीज घालू का?