एक कुडो

गणपतीत सगळं घर मोदक हाणत होतं तेव्हा मी ऑफिसची एक्सेल शीट निस्तरत बसलो होतो. विसर्जनानंतरच्या सोमवारी साहेबांनी त्याचे पांग फेडले. मोबाइलवर ऑफिसच्या ॲपमध्ये रंगीत कागदाचे कपटे उडाले आणि खाली अक्षरं उमटली : 'यू हॅव रिसीव्ड वन कुडो!'

"आई, मला कुडो मिळाला!"

आईला हल्ली जरा कमी ऐकू येतं. "कुड्या? मोत्यांच्या?"

"कुड्या नाही गं, कुडो. एकच."

"एकच का असेना!" आई एकदम खुलली. "माझी एक कुडी गेल्या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवात कुठे पडली ती पडलीच. आण बघू, जोड जमते का."

तिला समजवायचं तर आधी मला कळायला हवं, म्हणून शब्दकोश उघडला. मूळ ग्रीक शब्द 'कीडॉस'. म्हणजे कीर्ती, तीही रणांगणात मिळते तसली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश विद्यापीठांत ग्रीक घोकणाऱ्या पोरांनी तो आपल्या टवाळ बोलीत ओढला आणि इंग्रजीत शाबासकी म्हणून 'कुडोस' रुजला. त्यातला 'स' अनेकवचनाचा नाहीच, शब्दाच्या अंगचाच आहे. पण लोकांनी हिशेब केला : पुष्कळ ते कुडोस, तर एक तो कुडो. उद्या आपल्याकडे कुणी म्हणेल, 'दारात एक माणू आलाय', 'छत्री घे, थोडा पाऊ पडतोय.' इंग्रजांची ही खोड जुनीच. त्यांचा वाटाणा मुळात 'पीझ' होता, शेपूट खुडून त्याचा 'पी' केला. चेरीचीही तीच गत.

थोडक्यात, मला मिळालेली वस्तू मुळात नव्हतीच. (पगारवाढीचंही असंच असतं, पण ते असो.)

ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' महाकाव्यात साक्षात देवांचा राजा झ्यूस ट्रॉयच्या हेक्टरला कीडॉस बहाल करतो. पुढे ग्रीक योद्धा अकिलीस त्याच हेक्टरला ठार मारून रथामागून फरपटत नेतो. मी इथवर पोचलो आणि साहेबांचा मेसेज आला : 'ग्रेट जॉब! बाकीच्या तीन शाखांच्या शीटही आता तूच कर.'

त्यापेक्षा आपलं 'शाबास' बरं. तेही फारसीतल्या 'शाद बाश'वरून आलेलं, पण मागणं किती साधं : खूश राहा. अर्थात आमच्या घरात तेवढंही कुणी खर्च करत नाही. मी बारावीला पहिल्या वर्गात आलो तेव्हा बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले होते, "हं. फॉर्म कधी भरायचाय?"

आई अजून तळहात पुढे करून उभीच.

"अरे, दाखव ना. फिरकी आहे ना तिला?"

"आहे," मी म्हटलं, "नुसती फिरकीच आहे."