मुलाखतीला जाताय? आत्मविश्वास घ्या, डबा राहिला तरी चालेल

मागच्या मंगळवारी नागपुरात एका बियाणे कंपनीच्या साहेबांनी मला सांगितलं की माझ्यात फक्त आत्मविश्वासाची कमी आहे. बाकी सगळं ठीक. पदवी आहे, मोटारसायकल आहे, लायसन्स आहे, बापाची कपाशी आहे. एवढी मोलाची गोष्ट समजून घ्यायला मला पहाटे चारला उठावं लागलं, वेचणीचा एक दिवस बुडवावा लागला आणि येण्याजाण्याचे साडेसहाशे रुपये घालवावे लागले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे ज्ञान फुकट वाटतोय. वही काढा.

सुरुवात बायोडाट्यापासून. आता त्याला सीव्ही म्हणायचं. तो स्वतः लिहिण्याच्या भानगडीत पडू नका. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे एक तयार पडलेला असतो, त्यात तो तुमचं नाव घालून देतो. त्याच्या कृपेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या तमाम बेरोजगारांचे छंद एकसारखे आहेत: वाचन, प्रवास आणि संगीत ऐकणे. ज्यानं शेगाव आणि माहूरच्या पलीकडं काही पाहिलं नाही, त्याचाही छंद प्रवास. आमच्या गावातल्या एका पोट्ट्याच्या सीव्हीत बापाचं नाव भलत्याचंच राहून गेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथपर्यंत वाचतं कोण?

कपडे म्हणाल तर चुलतभावाच्या लग्नातला ब्लेझर. मुलाखत मे महिन्यात नागपूरला असेल तर ब्लेझर घाला आणि देवाचं नाव घ्या.

वेळेच्या आधी पंधरा मिनिटं पोचा, असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्याचं घर नागपुरातच, धरमपेठेत असतं. तुमचं नसेल तर असं करा. पहाटे कुणाच्या तरी गाडीवर दारव्ह्याला या, तिथून यवतमाळ, मग कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी करत नागपूरचा गणेशपेठ स्टँड, तिथून ऑटो. आमच्या दारव्ह्यावरून एकेकाळी शकुंतला रेल्वे जायची. ती गेली मूर्तिजापूरकडं तोंड करून आणि आता तीही नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे २००८ पासून येतेच आहे, २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचली. त्या वेगानं मी निघालो असतो तर पुढच्या पिढीच्या मुलाखतीला वेळेत हजर झालो असतो. एसटीच्या तिकिटाचा आकडा ऐकून आई म्हणाली, "मीच जाऊन येतो बाप्पा, मले अर्धं तिकीट लागते." तिला पाठवलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. कपाशीवर ती माझ्यापेक्षा जास्त बोलली असती आणि तिला चार वाजेपर्यंत बसवून ठेवायची कुणाची हिंमत झाली नसती.

तर अकराची मुलाखत होती आणि मी पावणेअकराला हजर होतो. आम्ही तेवीस जण, खुर्च्या आठ. पाण्याचा जार रिकामा. साहेब मीटिंगमध्ये. मग साहेब जेवायला. मग साहेब पुन्हा मीटिंगमध्ये. पार गडचिरोलीच्या टोकाच्या सिरोंच्याचा एक पोरगा आदल्या रात्रीच घरून निघालेला होता, तो भिंतीला टेकून झोपून गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याला हलवून उठवावं लागलं. डोळे चोळत आत गेला बिचारा. त्याच्यातही आत्मविश्वास कमी निघाला असणार. माझा नंबर चार वाजून दहा मिनिटांनी लागला.

आत गेल्यावर हसा. ताठ बसा. डोळ्यात डोळे घालून बोला. समोरचे डोळे मोबाईलमध्ये असतील तर मोबाईलच्या मागच्या बाजूला बघून बोला.

"टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ." हे सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं. नंतर साहेबांनी गुलाबी बोंडअळीबद्दल विचारलं आणि मला वाटलं, जिंकलो. आता हे आमच्या घरातलं दुखणं. सांगितलं सगळं. डोमकळी कशी ओळखायची, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे कधी लावायचे, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर फवारणीची वेळ झाली असं समजायचं, डिसेंबरानंतरही पीक उभं ठेवून फरदडीच्या मोहात पडलं की पुढच्या सालच्या अळीचं बियाणं आपणच कसं राखून ठेवतो, सगळं. मराठीत सांगितलं. तेही आमच्या मराठीत.

"डोमकळी? व्हॉट इज दॅट?"

म्हटलं, सर, फूल पुरतं उमलत नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून राहतात, उघडून पाहिली की आत अळी दिसते.

"इन इंग्लिश, प्लीज."

इथं मी अडलो. अडलो म्हणजे साफच अडलो. डोमकळीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आलं नाही. साहेबांनाही येत नव्हतं, पण खुर्ची त्यांच्या बाजूला होती. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "नॉलेज ओके आहे. कॉन्फिडन्स कमी पडतोय. आणि बोलण्यात थोडा गावठी टच आहे, त्यावर काम करा."

आता नोकरी काय होती ते ऐका. फील्ड ऑफिसर. काम काय? राळेगाव, कळंब, घाटंजी तालुक्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी बोलणे. तेव्हा तुम्ही अशा मुलाखतीची तयारी करत असाल तर आधी घाटंजीच्या शेतकऱ्यांना इंग्रजी शिकवून या. त्यांच्याशी "काहून काका, यंदा काय म्हणते पऱ्हाटी?" असं बोलणं गावठी असतं. "गुड मॉर्निंग फार्मर" म्हणा. तो काका जी गोष्ट दुकानदाराला विचारत नाही, कृषी सहायकाला विचारत नाही, ती गुड मॉर्निंगवाल्याला धावत येऊन विचारेल. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. माणसाएवढी वाढलेली कपाशी, उलटा वारा, तोंडाला साधं फडकं, दोन-तीन औषधं एकात मिसळलेली. त्यांच्या बांधावर तेव्हा कोण जायला हवं होतं? बाटलीवरची बारीक अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत, त्याला "आज हवा आहे काका, आज नोका मारू" असं त्याच्या बोलीत सांगणारा एक माणूस हवा होता. तो गावठी टच औषधापेक्षा स्वस्तात मिळतो साहेब, तुमच्या दारात चार-चार तास उभा असतो, आणि तुम्ही त्याला सांगता यावर काम करा!

असो. आपण टिपा देत होतो.

फ्रेशरची जागा असेल तर दोन वर्षांचा अनुभव सोबत ठेवा.

मुलाखत ऑनलाइन असेल तर गावच्या पाण्याच्या टाकीवर चढा, रेंज तिथंच आहे. खाली जमलेल्या लोकांना आधीच सांगा की तुम्ही आंदोलनाला चढलेले नाही.

गावात कुणालाही सांगून निघू नका. परत आल्यावर पारावरचा प्रत्येक जण "काय झालं?" विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधी "अशोकचा पोट्टा तर पुण्याले लागला" सांगतो.

"मधली वर्षं काय केलं?" या प्रश्नाला गॅप म्हणतात. याचं उत्तर खरं देऊ नका. खरं उत्तर असं आहे की २०१९ ला जिल्हा परिषद भरतीचा फॉर्म भरला आणि परीक्षा होईल म्हणून वाट पाहत बसलो, शेवटी ती भरतीच रद्द झाली. पोलीस भरतीसाठी १,६०० मीटर धावलो, गोळा फेकला, घरी आलो. २०२३ ला तलाठ्याचा फॉर्म भरला. जाहिरात ४,६४४ जागांची, फी खुल्या गटाला १,००० आणि राखीवला ९००, अर्ज आले दहा लाखांच्या वर. गुणाकार तुम्हीच करा, आमचं गणित कच्चं आहे म्हणून तर आम्ही राहिलो. तर ही वर्षं माझ्याकडं नाहीत, भरतीवाल्यांकडं जमा आहेत. पावती आहे माझ्याजवळ. पण तुम्ही हसून म्हणा, "आय वॉज अपग्रेडिंग मायसेल्फ."

अपेक्षित पगार विचारला तर आकडा सांगू नका. मी सांगितला, पंधरा हजार. साहेब म्हणाले बारा, पेट्रोल तुमचं. मग म्हणाले, ती मुख्यमंत्र्यांची युवा प्रशिक्षण योजना आहे ना, तिच्यातून तुम्हाला घेता आलं तर बघतो. त्या योजनेत पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन मिळतं आणि ते सरकार देतं. म्हणजे माणूस माझ्या घरचा, गाडी माझी, पेट्रोल माझं, पगार सरकारचा. कंपनीचं काय? टी-शर्ट.

आणि शेवटी "कळवतो".

या शब्दाची तयारी कुठल्याच क्लासमध्ये करून घेत नाहीत. आठ दिवस झाले. वावरात ओटीला फोन बांधून कापूस वेचतोय. दोनदा वाजला. एकदा कर्ज हवं का म्हणून आणि एकदा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स, फी ४,९९९, मुलाखतीत आत्मविश्वास वाढवून मिळेल. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला? त्या कागदावर तर फक्त साहेबांनी खरडलं होतं.

आता टिपा पुरे झाल्या. सरळ बोलतो. नाही घ्यायचं तर नका घेऊ, पण "नाही" लिहून पाठवायला काय लागतं तुम्हाला? दोन अक्षरं! तेवीस पोरांचे नंबर तुमच्याकडं आहेत, बोलवायचा मेसेज एका बोटानं सगळ्यांना एकदम गेला होता. त्याच बोटानं नाही म्हणा. पोरं दुसरीकडं बघायला मोकळी होतील. बापाला काय सांगायचं ते ठरवता येईल. अकराला बोलवून चारला आत घेता, पाणी विचारत नाही, माफी मागत नाही, आणि आम्हाला शिष्टाचार शिकवता? तालुक्याला येऊन "नोकरी मागणारे नको, देणारे व्हा" म्हणून टाळ्या घेणाऱ्या सरांनी एकदा त्या आठ खुर्च्यांपुढं येऊन हे बोलावं. आणि आम्ही तरी कोणते शहाणे? तेवीस जण होतो. एकानंही उठून विचारलं नाही की साहेब, अकराचे चार कसे वाजले. सिरोंच्याचा झोपला होता, त्याला माफ. बाकीचे बावीस जागे होतो. मीही.

सीव्हीच्या दहा प्रती काढल्या होत्या, सात उरल्या. कागद एका बाजूनं कोरा आहे म्हणून आईनं त्या मागून घेतल्या. बचत गटाचा हिशेब लिहायला.