‘जमीनदाराची आरती’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातला सुधारक अधिकारी थिओडोर फॉन श्योन याच्यावर लिहिताना मी ‘जमीनदाराची आरती ओवाळली’ आणि शेतकऱ्यांना मोकळं करणाऱ्या कायद्यानेच त्यांची जमीन घालवली हे लपवलं, असं तुमचं म्हणणं. लपवलं नाही, पण एका वाक्यात उरकलं खरं. ती चूक कबूल.

९ ऑक्टोबर १८०७ च्या ज्या फर्मानामागे श्योन होता, त्याने १८१० च्या नोव्हेंबरपासून प्रशियात जन्माचं बांधलेपण संपवलं. लग्नाला किंवा गाव सोडायला मालकाची परवानगी नको, मुलांना त्याच्या वाड्यावर सक्तीने राबायला नको. वेठ मात्र सुटली नाही. तिची किंमत १८११ च्या कायद्याने ठरवली: वंशपरंपरेचा हक्क असेल त्याने जमिनीचा तिसरा हिस्सा मालकाला द्यायचा, नसेल त्याने निम्मा. १८१६ मध्ये तर ज्यांच्याकडे नांगराला स्वतःची जोडी नाही, अशांना यातूनही वगळलं. त्यातले कितीतरी पुढे शेतमजूर झाले.

पण म्हणून श्योन कावेबाज? हे पटत नाही. क्योनिग्सबर्गला प्राध्यापक क्राउस यांच्याकडे तो अ‍ॅडम स्मिथचं मुक्त बाजाराचं अर्थशास्त्र शिकला होता. जमीन ज्याला पेलेल त्याच्याकडे जावी, हा त्याचा हट्ट. मंत्री श्टाइन शेतकऱ्यांच्या जमिनींना थोडं संरक्षण ठेवू पाहत होता, श्योनला तेही खुपत होतं. (माझ्या मते तो इथेच चुकला. भांडवल नसलेल्या माणसाला बाजारात मोकळं सोडणं ही कसली बरोबरी?) मात्र हाच गज त्याने सरदारांनाही लावला. १८२० च्या दशकात धान्याचे भाव कोसळले, तेव्हा नुसत्या घराण्याच्या नावावर बुडत्या जहागिऱ्या तारायला प्रांताधिपती श्योन तयार नव्हता. ते सरदार कधी विसरले नाहीत.

खरं तर तुम्ही दुसरीकडे बोट ठेवायला हवं होतं. पश्चिम प्रशियात त्याने गावोगावी शाळा काढल्या, त्याचं मी तोंडभरून कौतुक केलं. पोलिश मुलांना जर्मन करणं हाही त्या शाळांचा हेतू होता, हे लिहिलं नाही. त्यावर माझ्याकडे बचाव नाही.

राजाकडे लोकप्रतिनिधींची सभा मागणारं त्याचं १८४० चं टिपण छापून बाहेर आलं आणि १८४२ मध्ये त्याला पद सोडावं लागलं, तो भाग तसाच ठेवतो. १८११ चा परिच्छेद वाढवतोय. शीर्षकातला ‘मुक्तिदाता’ काढला.