‘तुमच्याकडे चालेल का असं?’

माझा मावसभाऊ ठाण्यात राहतो, बाराव्या मजल्यावर. दहीहंडी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याचा निबंध येतो. 2025 मध्येही आला. त्या वर्षी ठाण्यात कोकण नगरच्या पथकाने दहा थर लावले, वाहिन्यांवर दिवसभर तेच चाललं होतं, आणि आमच्या भाऊरायांचं नेहमीचं पुराण सुरू झालं. डीजेचा ढणढणाट, पुढाऱ्यांचे फलक, अडवलेले रस्ते, केईएममध्ये भरती झालेली पोरं. त्यावर कडी म्हणजे 2022 मध्ये सरकारने याला साहसी खेळ म्हणून टाकलं आणि नोकऱ्यांमधल्या खेळाडूंच्या पाच टक्क्यांत गोविंदांनाही बसवायचं जाहीर केलं. शेवटी नाव न घेता मला टोला: ‘अमेरिकेत शाळकरी पोरांच्या जिवाशी असा खेळ कोणी करू देईल का? तुमच्याकडे चालेल का असं? तिथे राहणाऱ्यांनी सांगावं.’

सांगतो ना.

त्या वर्षी दहीहंडी 16 ऑगस्टला होती. लगेच पुढच्या शुक्रवारी आम्ही राहतो त्या ओहायो राज्यात शाळांच्या फुटबॉलचा मोसम सुरू झाला. म्हणजे इकडचा फुटबॉल, हातात धरून पळायचा तो. चौदा ते अठरा वयाची पोरं डोक्यावर हेल्मेट चढवून एकमेकांवर आदळतात आणि सगळं गाव थर्मॉस, ब्लँकेटं आणि आजी-आजोबांसकट ते बघायला येतं. देशभरात दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत हा खेळ खेळतात. चालतं का म्हणजे काय? अनेक गावांत एवढं एकच चालतं, बाकीचं बंद पडलंय.

मॅसिलनचं उदाहरण घे. आमच्या घरापासून दक्षिणेला तासाभरावर, एकेकाळी पोलादावर जगणारं गाव. वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास, आणि शाळेच्या मैदानात सोळा हजारांवर माणूस बसतं. शेजारच्या कँटनच्या मॅकिन्ली शाळेशी यांचं वैर 1894 पासूनचं. गावात मुलगा जन्मला की संघासाठी पैसे जमवणाऱ्या बूस्टर क्लबकडून त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची इथली जुनी रीत. गावातलं इस्पितळ 2018 मध्ये बंद झालं, स्टेडियम ठणठणीत आहे. शाळेच्या संघाचं नाव टायगर्स, म्हणून कित्येक वर्षं मैदानाच्या कडेला पिंजऱ्यात वाघाचा खराखुरा बछडा आणून ठेवत. 2012 मध्ये ओहायोने जंगली जनावरं पाळण्यावर कडक कायदा केला, तेव्हा खेळाचं बोधचिन्ह म्हणून जनावर ठेवणाऱ्या शाळेसाठी त्यात पद्धतशीर पळवाट ठेवली गेली. आपल्याकडे कोर्टाचा आदेश आला की मंडळं कशी वाट काढतात यावर तू दोन परिच्छेद लिहिले होतेस. इथे ती वाट विधानसभेनेच काढून दिली.

पुढाऱ्यांचं म्हणशील तर निवडणुकीच्या वर्षी फाटकाशी शेरिफपदाचा उमेदवार हात मिळवायला उभा असतोच. धावफलकावर स्थानिक बँक, टायरवाला आणि दात सरळ करणारा डॉक्टर. शाळेसाठीचा जादा कर, म्हणजे लेव्ही, मतदानाला असेल तर त्याच्या पाट्या पार्किंगपासून सुरू होतात. या सगळ्याला इथे समाज म्हणतात. आपल्याकडच्या फलकाला मात्र विद्रूपीकरण.

(फलक विद्रूपच असतात, आणि इथे दहाच्या सुमाराला दिवे मालवून सगळे गपचूप घरी जातात, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. भांडताना समोरच्याची बाजू आपण का मांडायची?)

या शुक्रवारांचं वेड मला एका नागपूरकर मित्राच्या साथीने लागलं. त्याला खेळापेक्षा कोंबडीत रस. त्यामुळे आमचा नेम ठरला: गाव निवडायचं, सामना बघायचा आणि त्या गावची कोंबडी खायची. मॅसिलनला जाताना वाटेत बार्बरटन लागतं, तिथे आधी जेवण. 1933 मध्ये, मंदीत शेत गमावलेल्या एका सर्बियन जोडप्याने तिथे बेलग्रेड गार्डन्स काढलं. डुकराच्या चरबीत तळलेली कोंबडी, सोबत व्हिनेगरमधली कोबीची कोशिंबीर आणि टोमॅटो-मिरचीचा लालभडक भात. त्याला ते हॉट सॉस म्हणतात. मित्राने पहिला घास घेतला आणि म्हणाला, ‘‘भात बरा हाय. तिखट कुठी हाय बे?’’

बफलो शहराकडे जायचं तर आय-नव्वद महामार्गाने तीन तास. एरी सरोवर डाव्या हाताला, मधे पेनसिल्व्हेनियाचा चतकोर तुकडा, मग न्यूयॉर्क राज्य. तिथे क्रम उलटा, आधी सामना आणि मग कोंबडीचे पंख. बफलोत अँकर बारच्या टेरेसा बेलिसिमोबाईंनी 1964 मध्ये, एरवी सूपाच्या पातेल्यात जाणारे पंख तळून लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवले, ही सरकारमान्य कथा. त्याच शहरात त्याच दशकात जॉन यंग नावाचा, अलाबामातून आलेला कृष्णवर्णीय माणूस जेफरसन ॲव्हेन्यूवर अख्खे पंख पिठात घोळवून, तळून, मम्बो सॉस लावून विकत होता. त्याचं नाव बराच काळ मागेच राहिलं. नंतर 2018 मध्ये पर्यटनवाल्यांनी पंखांच्या ठेल्यांचा रीतसर मार्ग आखला, नकाशा छापला. इटालियन असोत, सर्बियन असोत, अलाबामातून वर आलेले असोत, बाहेरून आलेल्यांनी टाकाऊ मांसाचं काहीतरी केलं आणि गावाने ते आपलं म्हणून मिरवलं. आपल्याकडे याच लायकीच्या पदार्थाला ‘बाहेरचं अरबट-चरबट’ म्हणून आयांनी हात धुवायला लावले असते.

मला विचाराल तर पंख खावेत ते बफलोजवळच्या ईस्ट ऑरोरातल्या बार-बिलमध्ये. तिथे सॉस ब्रशने लावतात, एकेका पंखाला, भिंत रंगवल्यासारखा. तुकडा कुरकुरीत राहतो आणि वाडग्याच्या तळाशी लाल तेलाचं तळं साचत नाही. सिंगल म्हणजे दहा, डबल म्हणजे वीस. सोबत सेलरी आणि ब्लू चीज. ब्लू चीजऐवजी रँच डिप मागितलं तर वाढणारी बाई शांतपणे आणून देते, पण शेजारच्या टेबलावरची मान वळतेच. डफ्स या पंखांच्याच दुसऱ्या ठिकाणी पाटी आहे की इथलं मीडियम म्हणजे तिखट, मीडियम हॉट म्हणजे जास्त तिखट, आणि हॉट म्हणजे फार फार तिखट. ती वाचून मित्र इतका हसला की पाणी मागवावं लागलं. सावजीच्या रश्शावर वाढलेल्या माणसाला व्हिनेगर काय घाबरवणार? मीही ऐटीत होतो, मालवणी रक्त म्हणून. हॉटचा दुसरा तुकडा नाकात गेला, ते वेगळं.

असो. मूळ मुद्दा जिवाचा.

भाऊ म्हणतो, सुसंस्कृत देशात पोरांचे जीव असे टांगणीला लावत नाहीत. अरे, 1905 च्या एका मोसमात या देशात फुटबॉल खेळताना डझनाहून जास्त पोरं मेली. कॉलेजांमध्ये खेळ बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने प्रशिक्षकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली, घोळक्याने तुडवणं कमी झालं. 2013 पासून ओहायोत नियम आहे की डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर पोराला बाहेर काढायचं, त्या दिवशी परत उतरवायचं नाही, आणि नंतरही लेखी परवानगी लागते. 2 जानेवारी 2023 ला बफलो बिल्स या व्यावसायिक संघाचा डमार हॅमलिन भर सामन्यात हृदय थांबून कोसळला, त्यानंतर शाळांच्या मैदानांवर झटका देणारं यंत्र कुठे ठेवलंय याची विचारपूस वाढली. धोका दिसला की नियम करतात. खेळणाऱ्यांना अडाणी ठरवत नाहीत.

आणि नियम आपल्याकडेही झालेच की. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली आणि अठराच्या खालच्यांना मनाई केली. 2017 मध्ये उंचीची अट गेली, चौदाच्या खाली कोणी चढणार नाही असं सरकारने कोर्टाला सांगितलं. चौदा! ओहायोतलं पोरगं नववीत येतं आणि शाळेच्या संघात शिरतं ते याच वयात. गोविंदांचा विमा सुरू झाला, मृत्यूला दहा लाख. पण भावाच्या निबंधात विमाही येतो तो कुत्सितपणे, ‘आमच्या करातून’ असा.

त्याच्या बाजूने बोलायचं तर एक कागद आहे. मेलेल्या फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास बॉस्टन विद्यापीठाने 2017 मध्ये छापला. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांपैकी 110 जणांच्या मेंदूत डोक्यावरच्या सततच्या आघाताने होणारा आजार सापडला. फक्त शाळेपर्यंत खेळलेले 14 होते, त्यांतले 3. मेंदू घरच्यांनीच दान केलेले, बहुतेकांना आधीच शंका असलेली, त्यामुळे हा आकडा सगळ्यांना लावता येत नाही. तरीही तीन.

हा कागद मला पाठ आहे, कारण आमचा मुलगा आठवीत असताना फुटबॉलचा फॉर्म घेऊन घरी आला होता. अंगाने दणकट, कोचने स्वतः बोलावलेलं. बायको काही बोलायच्या आत मी फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. तो बँडमध्ये गेला, ट्रॉम्बोन वाजवू लागला. आमच्या ओळखीच्या जवळजवळ सगळ्या देशी घरांत हेच झालंय. बँड, टेनिस, क्रॉस कंट्री, रोबोटिक्स. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे ब्लीचर्सवर, म्हणजे प्रेक्षकांच्या बाकांवर, हजर, हाफटाइमला जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवणार, आणि तिसऱ्या क्वार्टरला पळणारी पोरं दुसऱ्यांची. फॉर्म आज आला तरी मी तो ड्रॉवरमध्येच टाकेन. यावर चर्चा नाही.

लालबागच्या आमच्या चाळीतही असंच होतं. दोन इमारतींच्या मधे हंडी बांधत. तळमजल्यावरची आणि मागच्या बैठ्या खोल्यांतली पोरं थर लावत. वरच्या मजल्यावर आम्ही, गॅलरीत, बादल्या भरून. गोविंदावर पाणी ओतणं हेही पुण्याचंच काम, असं आई म्हणायची. चौथीची स्कॉलरशिप, मग सातवीची, मग दहावी, हात मोडून कसं चालेल? हंडी फुटली की पथक ट्रकमध्ये चढायचं. लालबाग, परळ, दादर, घाटकोपर, जमलं तर थेट ठाणे. वाटेत कुठेतरी वडापाव, कुठेतरी कोणा भाऊंकडून बिर्याणीची पाकिटं, रात्री उशिरा बसलेल्या आवाजात परत. त्या ट्रकमध्ये चढायला मला कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी घरून सोडलं नसतं. माझ्या वयाचा एक पोरगा सगळ्यात वरचा एक्का होता. सकाळी शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, आणि त्या दिवशी सगळी गल्ली मान वर करून त्याच्याकडे बघायची.

मुलगा आता कॉलेजला गेला. बँड संपला. आमच्या शाळेच्या सामन्याला जायचं मला आता कारण नाही, मग दुसऱ्यांच्या शाळांना कारण कुठून असणार? तरी ऑगस्ट उजाडला की नागपूरकर फोन करतो आणि मी गाडीत तेल भरतो. बायको म्हणते, पंखच खायचे तर कोपऱ्यावर मिळतात. तिचं खरं आहे.

आम्ही बहुतेक वेळा पाहुण्यांच्या बाजूला बसतो. तिथे जागा मिळते, आणि कोणी ओळखत नसलं तरी वाईट वाटत नाही. लोक अघळपघळ असतात, ब्लँकेटचा अर्धा भाग सरकवतात आणि मग विचारतात, तुमचा कुठला? म्हणजे कितव्या नंबरची जर्सी. पूर्वी मी मैदानाबाहेरच्या ट्रॉम्बोनकडे बोट दाखवायचो. हल्ली कुठलाही मधला नंबर सांगतो, बासष्ट वगैरे, आणि तो पोरगा पडला की माझ्या पोटात खरंच गोळा येतो. मित्र याला वेडेपणा म्हणतो. त्याचा स्वतःचा त्या रात्रीपुरता पंचावन्न असतो.

भावाला यातलं अर्धंच लिहिलं. 1905, ओहायोचा नियम, वाघाचा बछडा. त्याचं उत्तर एका ओळीत आलं: ‘तुझा मुलगा खेळला का?’ मी लिहिलं, नाही. तुझा चढला का? त्यावर आत्याने नमस्काराचे हात टाकले आणि विषय गणपतीच्या सुट्ट्यांवर गेला.

त्याच आठवड्यात चाळीच्या जुन्या ग्रुपवर एक मेसेज आला. पाठवणारा तोच, एकेकाळचा एक्का, आता पथकाचा खजिनदार. पुढच्या वर्षी पोरांना नवीन टी-शर्ट करायचे आहेत, पाठीवर देणगीदारांची नावं छापणार, परदेशातल्या मंडळींनी हात सैल सोडावा. इथे दर शुक्रवारी मी फिफ्टी-फिफ्टी सोडतीची तिकिटं अनोळखी पोरांकडून डोळे मिटून घेतो, बूस्टर क्लबलाही चेक जातोच. याला हो म्हणायला काय लागतं? पण त्याने खाली आणखी एक प्रश्न टाकलाय, म्हणून अडलंय. छापायला देताना प्रत्येकाच्या नावापुढे गाव टाकतात, तर तुझ्यापुढे काय टाकू, लालबाग की अमेरिका?