‘फिंगर बदलूनही हेडरवर पीक साचते’ या अभिप्रायास आमचे उत्तर

नमस्कार.

आपल्या कंबाइन हार्वेस्टरवर (कापणी-मळणी यंत्रावर) आमचा ऑगर फिंगरचा संच, म्हणजे पीक आत ओढणाऱ्या फिरत्या नळकांड्यातून (ऑगर) आत-बाहेर होणाऱ्या दांड्यांचा संच, बसवल्यानंतरही सोयाबीन कापताना पीक हेडरवर, म्हणजे यंत्राच्या पुढच्या कापणीच्या भागावर, साचते, मग एकदम गठ्ठ्याने आत जाते, मळणीचा ड्रम घोगरा आवाज करतो आणि त्यातच तीन फिंगर तुटले, अशी आपली तक्रार आहे. सोबतची चित्रफीत आम्ही थांबवून थांबवून पाहिली. आपला त्रास खरा आहे, याविषयी शंका नाही. परंतु त्याचे खापर संचावर फोडणे आम्हाला मान्य नाही.

चित्रफितीत पीक अडते ते ऑगरपाशी नव्हे, तर कटरबार (पीक कापणाऱ्या पात्यांची पट्टी) आणि ऑगर यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात. कापलेली झाडे तिथे पात्यावरच रेंगाळतात, मागून येणाऱ्या झाडांचा रेटा बसला की सगळा ढीग एकदम ऑगरखाली जातो, आणि ड्रमचा तो आवाज नेमका त्याच क्षणी ऐकू येतो. फिंगर या पट्ट्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तिथून पीक मागे सारणे हे रीलचे, म्हणजे पात्याच्या पुढे फिरणाऱ्या दातेरी चक्राचे, काम आहे. आपल्या यंत्रावर रील इतकी पुढे आणि उंच ठेवलेली दिसते की तिचे दाते झाडाच्या शेंड्याला जेमतेम स्पर्श करून सुटतात. सोयाबीनसाठी रीलचा आस पात्याच्या साधारण 15 ते 30 सेंटिमीटर पुढे असावा, आणि पीक बुटके असेल तर रील खाली घेऊन आणखी जवळ आणावी.

रीलचा वेगही तपासून पाहावा. तो यंत्राच्या चालीपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त हवा: चाल ताशी 5 किलोमीटर आणि रीलचा व्यास 1 मीटर असेल, तर मिनिटाला साधारण 33 फेरे होतात. एका दात्याला रंगीत फडके बांधून फेरे मोजले की अंदाजावर विसंबावे लागत नाही. पीक अडते म्हणून रील आणखी जोरात फिरवण्याचा मोह बहुतेक चालकांना होतो, पण त्याने वाळलेल्या शेंगा फुटून दाणे पात्यापुढेच गळतात.

फिंगर तुटण्याविषयी सांगायचे, तर त्यांच्या मुळाशी मुद्दाम खाच ठेवलेली असते. अति ताण आला की फिंगर तिथे तुटावा आणि तुकडा ऑगरच्या नळकांड्यातच राहावा, ड्रममध्ये जाऊ नये, हा तिचा हेतू आहे. आपले तिन्ही फिंगर ढीग आत शिरतो त्याच जागेचे आहेत. काड ऑगरभोवती गुंडाळले जाते, हा आपला दुसरा मुद्दा मात्र थेट फिंगरशी निगडित आहे: फिंगर पुढे आणि खाली पूर्ण बाहेर यावेत व फीडर चेनपाशी (पीक ड्रमकडे नेणाऱ्या साखळीपाशी) काड सोडून आत जावेत, अशी वेळ ऑगरच्या टोकाकडील लिव्हरने जुळवावी लागते. संचासोबतच्या पत्रकात त्याची आकृती आहे. एवढे करूनही पीक अडले, तर पाती बोथट आहेत का आणि फीडर चेन सैल आहे का, तेही पाहावे.

‘दाणे वाया गेले’ असे आपण लिहिले आहे, तेव्हा ते गळतात कुठे हेही मोजावे. चालते यंत्र थांबवून काही फूट मागे घ्यावे आणि हेडर व उभे पीक यांच्यामधल्या जागेतले दाणे मोजावेत; कापणीआधी आपोआप गळलेले दाणे त्यातून वजा करावेत. एका चौरस फुटात सरासरी 4 दाणे म्हणजे एकरी सुमारे 27 किलो नुकसान. सोयाबीनची बहुतांश गळ हेडरवरच होते, त्यामुळे हा आकडा पाहिल्याशिवाय ड्रम किंवा चाळणीला हात लावू नये.

तुटलेले तीन फिंगर आम्ही विनामूल्य पाठवत आहोत. रील वरीलप्रमाणे लावून, वेळ जुळवून पुन्हा कापणी करावी आणि तशीच चित्रफीत पाठवावी. त्यातही पीक साचताना दिसले, तर वापरलेला संच आहे त्या स्थितीत परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ. रीलला हात न लावता संच परत घेण्याची विनंती मात्र आम्ही मान्य करू शकत नाही.