हवामान अहवाल कुणाच्या कामी येऊ नये म्हणून

हवामान बदलाचा अहवाल तुमच्याकडे तयार आहे आणि एखादा नगर अभियंता तो खरोखर वापरेल, अशी धास्ती वाटते? घाबरू नका. थोडं पथ्य पाळलंत तर तसं काही होत नाही.

मुख्य पथ्य म्हणजे त्याला कोणता निर्णय घ्यायचाय हे चुकूनही विचारू नये. विचारलंत तर तो म्हणणार, ‘नव्या पावसाळी गटारासाठी तासाला किती मिलिमीटर पाऊस धरू?’ त्याला 2100 सालचं जगाचं सरासरी तापमान द्यावं. फारच मागे लागला तर तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे ऐकवावं. वाक्य सोळा आणे खरं. पाइपाचा व्यास मात्र त्यातून निघत नाही.

हवामानाचा अंदाज काढणारं जागतिक मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं, आणि एकेक चौकोन बहुधा 100 किलोमीटरच्या आसपास असतो. त्याचं शहर, मागचा डोंगर, पुढचा समुद्र, सगळं एकाच रंगात! डाउनस्केलिंग करून, म्हणजे तोच अंदाज बारीक चौकोनांत उतरवून, चौकोन 12 किलोमीटरवर आणलात तर उत्तमच. चौकोन बारीक झाला म्हणून खात्री वाढत नाही, पण हे बोलायचं कशाला? दशांशानंतर दोन आकडे छापावेत.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग जिवापाड जपा. ऐकणाऱ्याला वाटतं, परवाच येऊन गेला, आता नातवंडांनी बघावं. असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का, म्हणजे 30 वर्षांत निदान एकदा येण्याची सुमारे 26 टक्के, हे कळलं तर तो नदीकाठी तळमजल्यावर दवाखाना बांधेल का?

पुढच्या वीसेक वर्षांत कमी आणि जास्त उत्सर्जनाच्या अंदाजांत तापमानाचा फरक थोडाच पडतो, हेही गुपित राहू द्या. नाहीतर उष्णतेच्या लाटेचा आराखडा तो याच उन्हाळ्याआधी करून मोकळा होईल. सगळे अंदाज शेजारी शेजारी मांडा आणि ‘निवड तुमची’ म्हणा.

2009 साली जिनिव्हाच्या जागतिक हवामान परिषदेत हवामान सेवांच्या जागतिक आराखड्याचा निर्णय झाला. माहिती वापरणाऱ्यांशी संवाद हा त्याचा एक खांब. तुम्ही एक प्रश्नावली पाठवा, झाला संवाद.

माहिती खुली ठेवायचीच, पण नेटसीडीएफ या शास्त्रज्ञांच्या वापरातल्या फाइलमध्ये. अभियंत्यासमोर एक्सेल आहे, तेही जुनं. आणि अहवाल अंदाजपत्रक मंजूर झाल्यावरच धाडावा. चुकून आधी गेलाच, तर मुखपृष्ठावर ‘मसुदा – आधार म्हणून वापरू नये’ एवढं छापलेलं असावं.